वजनाला वजन

कुंभकोणमच्या बाजारपेठेत मारवाडी सावकार, गुजराती कापडवाला आणि आमच्यासारखा विट्याकडचा गलाईवाला, तिघांनाही एकच नाव आहे: सेट्टु. आमच्या दुकानात शेटजी म्हणावं असं काही नाही. पुढं काउंटर, काचेच्या पेटीतला काटा, भिंतीवर भवानीआईचा फोटो; मागं भट्टी, धुराडं आणि तेजाबाच्या बरण्या. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी सोनं-चांदी गाळायची कला घेऊन देशभर पांगली. तमिळनाडूत सराफकट्टा असलेलं गाव असावं आणि तिथं आपला गलाईवाला नसावा, असं क्वचितच घडतं. मी दहावी झाल्यावर आप्पांकडं आलो. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. दुकान त्यांचं, हात आता माझा.

कामाचं स्वरूप सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जुने दागिने, तुटकी बाळी, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं, सोनाराच्या बैठकीखालचा केर, सगळं आमच्याकडं येतं. टाकणखार टाकून ते मुशीत वितळवायचं, त्यात साधारण तिप्पट चांदी घालायची, पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते शोऱ्याच्या तेजाबात उकळायचे. तांबूस धूर उठतो, घसा खवखवतो. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाला विटकरी भुकटी राहते. पाहिलेलं नसलेला माणूस ती माती म्हणून फेकून देईल. ती धुवून, वाळवून पुन्हा मुशीत घातली की चोख सोन्याची लगड ओतता येते. तेजाबात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत काढायची. चार सोनारांचा माल एका घाण्यात निघतो, कारण ग्रॅम-दोन ग्रॅमसाठी वेगळी भट्टी लावणं परवडत नाही. एकदा मुशीत गेलेलं सोनं कुणाच्या गळ्यातलं होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आमच्या सगळ्या कटकटींचं मूळ इथंच आहे.

कारण चोर सापडला की पोलिसांना माल लागतो. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीनं सांगितलं आणि त्याप्रमाणं वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात हे कलम २७ होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये गेलंय. त्यामुळं खटला उभा राहायचा तर चोरानं दुकान दाखवायला हवं आणि दुकानातून सोनं निघायला हवं. पोलीस, वकील, सोनार, सगळे त्याला 'रिकव्हरी' म्हणतात. माल वितळून गेला असेल तर? मग तेवढ्याच वजनाचं सोनं दुकानदारानं काढून द्यायचं. याला आमच्यात वजनाला वजन म्हणतात. कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात हे नाही, पण प्रत्येक गलाईवाल्याला पाठ आहे.

आमच्यावर पहिल्यांदा पाळी आली ती कोरोनाच्या आधी. दुसऱ्या जिल्ह्यातली जीप दुकानासमोर थांबली. आतून विशीतला एक मुलगा उतरवला, दोन्ही मनगटांवर टॉवेल टाकलेला. साहेबानं विचारलं, "इदुवा?" हेच का? मुलानं मान वर न करता बोट पुढं केलं. ते बोट आमचं दुकान आणि शेजारची चहाची टपरी यांच्या बरोबर मधे होतं. साहेबानं त्याचं कोपर धरून हात थोडा डावीकडं वळवला आणि पुन्हा विचारलं. मुलगा हो म्हणाला. आप्पांनी साठी ओलांडली होती. ते बनियनवर होते. सदरा घालू दिला एवढीच सवलत. कुठं नेताय, कशासाठी, कुठल्या गुन्ह्यात, यातलं कागदावर काही नाही.

मी एसटी बदलत मागोमाग गेलो. ठाण्यासमोर पिंपळाच्या पारावर एक बाई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. त्या मुलाची आई. "तुझ्या माणसाला जेवायला दिलं का रे त्यांनी?" असं तिनं मला विचारलं. आमच्याकडं कैकाडी बोलतात त्या बोलीचं तमिळशी नातं आहे असं ऐकून होतो. तिचा हेल कानावर पडला तेव्हा मला गावच्या आठवडी बाजारातल्या टोपल्या विकणाऱ्या आज्या आठवल्या. ती कुरवर समाजातली. गावात चोरी झाली की पहिली जीप त्यांच्या वस्तीवर येते, हे तिनं तक्रार म्हणून नाही, पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. आमच्याकडं पारध्यांच्या पालावर हेच होतं, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. रात्री आतून आवाज यायला लागले. ते आप्पांचे नाहीत हे ओळखून मी पुन्हा पाराला टेकलो. ती उठून फाटकापर्यंत जायची, परत यायची.

सकाळी ओळखीचा एक सराफ मधे पडला. पाच सवरन ठरलं. इथं सोनं तोळ्यात मोजत नाहीत, सवरनात मोजतात. एक सवरन म्हणजे आठ ग्रॅम. आप्पांनी चाळीस ग्रॅम सोनं दिलं, तमिळमध्ये लिहिलेल्या कागदावर सही केली आणि बाहेर आले. कागदाची प्रत नाही, पावती नाही. बसमध्ये त्यांनी एकच शब्द उच्चारला, "सुटलो." त्या मुलाचं पुढं काय झालं, हे आम्हाला कळायचा मार्गच नव्हता, कारण आम्ही त्या खटल्यात कुठंच नव्हतो.

त्यानंतर मी रावांकडं जायला लागलो. राव इथले जुने वकील, तंजावर मराठी घराण्यातले. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून आलेल्या लोकांचे वंशज. घरात मराठी, बाहेर तमिळ, कोर्टात इंग्रजी. त्यांच्या मराठीला माझी मराठी पटायला वेळ लागला, पण ते मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायला लागले आणि प्रश्न मिटला. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच कुंभकोणममध्ये १८२८ साली जन्मले, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात. माधवरावांनी मल्हाररावांनंतरच्या बडोद्यात कोर्टकचेऱ्यांची आणि पोलिसांची घडी बसवली, हे त्यांच्या लेखी घरचंच कार्य आहे.

आप्पांची गोष्ट ऐकून राव चिडले नाहीत. कपाटातून एका जुन्या अहवालाची झेरॉक्स काढून समोर ठेवली. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि चोरीच्या कबुलीसाठी लोकांचा छळ होतो, अशी ओरड विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली, तेव्हा तिघांचा आयोग नेमला गेला. १८५५ साली त्याचा अहवाल आला. बोटं चिरडायचा लाकडी चिमटा, त्याला किट्टी म्हणत. मान खाली ओढून पायाच्या अंगठ्याला बांधून ठेवणं. आणि बरंच काही. छळ होतो, असं आयोगानं साफ लिहिलं. चार वर्षांत, १८५९ साली, मद्रासचा पोलीस कायदा आला आणि पोलीस महसूल खात्यापासून वेगळे झाले. पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालणार नाही हा नियम १८६१ च्या फौजदारी संहितेत आला आणि तिथून पुराव्याच्या कायद्यात गेला. "दार बंद केलं तंबी," राव म्हणाले, "पण कलम २७ ची खिडकी ठेवली. तुझे आप्पा त्या खिडकीतून आत ओढले गेले."

मला कायद्याच्या गोष्टींत गोडी लागली ती इथं. राव सांगायचे आणि मी ऐकायचो, बहुतेक संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. १९४७ साल त्यांचं आवडतं. ओमंदूर रामस्वामी रेड्डियार तेव्हा मद्रासचे प्रीमियर. त्या एका वर्षात मद्रासच्या विधिमंडळानं गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, मंदिरप्रवेशाचा कायदा केला आणि मुली देवाला सोडायची चाल बंद करणारा कायदाही केला. देशपातळीवर गुन्हेगार जमाती कायदा जायला १९५२ उजाडलं. आमच्या मुंबई राज्यानं तो मद्रासनंतर दोन वर्षांनी काढला, हे राव मला मुद्दाम सांगत, आणि मला उगीच महाराष्ट्राच्या वतीनं ओशाळल्यासारखं होई. कुंभेश्वराच्या गाभाऱ्याकडं आता कुणाला कोण म्हणून विचारत नाहीत. मंदिरप्रवेशाचा कायदा लोकांच्या अंगवळणी पडला. पारावरच्या त्या बाईच्या बाबतीत मात्र गुन्हेगार जमाती कायदा जाऊन पाऊणशे वर्षं उलटली आणि जीप अजून पहिली तिच्याकडंच येते.

कोळ्ळिडम नदीपलीकडच्या कडलूर जिल्ह्यात १९९३ साली काय झालं, ते आता सिनेमामुळं सगळ्यांना ठाऊक आहे. कुरवर समाजातल्या राजाकण्णुला सोन्याच्या चोरीच्या संशयावरून उचललं आणि कम्मापुरम ठाण्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या बायकोसाठी उभे राहिलेले वकील चंद्रु पुढं मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तो सिनेमा, 'जय भीम', मी आप्पांबरोबर पाहिला. अर्ध्यावरच ते उठून बाहेर गेले, तंबाखूच्या निमित्तानं.

एकदा मी रावांना विचारलं, की पाच सवरन गेले त्याची तक्रार कुठं करायची? त्यांनी २०१३ चा तमिळनाडू पोलीस सुधारणा कायदा काढला. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हवं आणि त्याच्या अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश हवेत. तमिळनाडूच्या विधानसभेनं कायदा केला, प्राधिकरण ठेवलं. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर आणि सदस्य कोण, तर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक! राज्याच्या प्राधिकरणावर गृहसचिव आणि पोलीस महासंचालक. राव पुस्तक मिटून म्हणाले, "तक्रार सुनेची, पंच सासूबाई." अशी सुधारणा सभागृहात मंजूर होताना बाकं वाजली असतील का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. चेन्नईत बसलेल्या माणसांना आपण काय काढून घेतलं हे नेमकं ठाऊक असतं. फक्त विधेयकाच्या शीर्षकात ते दिसत नाही.

१ जुलै २०२४ ला तिन्ही फौजदारी कायदे बदलले. इथले वकील कोर्टावर बहिष्कार टाकून बसले. हिंदी-संस्कृत नावांचा राग होताच, शिवाय राज्याला विचारलं नाही ही तक्रार. राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती एम. सत्यनारायणन यांची एकसदस्य समिती नेमली, राज्यानं काय दुरुस्त्या कराव्यात ते सांगायला. त्या बहिष्काराच्या दिवसांत राव घरी मोकळे होते आणि पेन्सिल घेऊन नवी संहिता वाचत होते. मला बोलावून त्यांनी नागरिक सुरक्षा संहितेतली तीन-चार कलमं लिहून दिली आणि काउंटरच्या काचेखाली ठेवायला सांगितली. कलम ३५: अटकेची गरज नसेल तर आधी हजर राहायची लेखी नोटीस. कलम १०५: झडती आणि जप्तीचं सगळं काम, यादी आणि पंचांच्या सह्यांसकट, व्हिडिओत घ्यायचं आणि मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं. कलम १७९: साठी ओलांडलेल्या माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलवायचं नाही, त्याच्या घरी जाऊन विचारायचं. यातलं नोटिशीचं जुन्या कायद्यातही होतंच, वयाचंही होतं पण साठीऐवजी पासष्टीचं, व्हिडिओचं नवं. "म्हणजे नोटिशीचं आप्पांना नेलं तेव्हाही होतं?" मी विचारलं. "होतं," राव म्हणाले, "पण काचेखाली नव्हतं."

आप्पांसाठी त्यांनी आणखी एक कलम शोधलं आणि मग स्वतःच खोडलं. साठीपुढच्या माणसाला किरकोळ गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, असं नवं कलम आहे. पण किरकोळ म्हणजे शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी. चोरीचा माल घेण्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एका केसानं हुकलं. याच संहितेनं सराईत आरोपीला बेड्या घालायची मुभाही दिलीय. सराईत कोण, तर ज्याच्या दारात जीप आधीपासून येते तो.

त्याच दिवाळीत दुसरी जीप आली.

या वेळचा सब-इन्स्पेक्टर तरुण होता, मुलाला बेड्या होत्या. मी हात जोडून काचेखालचा कागद दाखवला आणि म्हटलं, "सार, नोटीस द्या, व्हिडिओ करा, जे विचाराल ते सांगतो." बरोबरचा हवालदार हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि जीपमधून पॅड मागवून नोटीस हातानं लिहून दिली. मग हवालदारानं फोन आडवा धरला. चहावाला आणि समोरचा फुलवाला पंच झाले. मी रजिस्टर उघडलं. रावांच्या सांगण्यावरून मी ते नियमानं लिहायला लागलो होतो: तारीख, सोनाराचं नाव, फोन, वजन, टंच, सही. एका ओळखीच्या सोनारानं साखळीचे तुकडे आणले होते, १९ ग्रॅम, बावीस कॅरेट. त्या दिवशीच्या घाण्यात आणखी तिघांचा माल होता आणि मिळून ६२ ग्रॅमची लगड निघाली होती. ती तिजोरीत तशीच होती. काट्यावर ठेवली, आकडा व्हिडिओत आला, यादी लिहायला घेतली आणि हवालदार म्हणाला, "सेट्टु, चार्जर द्या. बॅटरी चाललीय." मग भट्टीशेजारच्या प्लगाला फोन लावून, वायर पुरेल तेवढ्या अंतरावरून उरलेली जप्ती झाली. व्हिडिओत शेवटी शेवटी माझा फक्त पोटापर्यंतचा भाग आहे, असं मला नंतर कोर्टातल्या कारकुनानं सांगितलं.

आप्पा मागच्या खोलीत बसले होते. त्यांना कुणी हात लावला नाही. मला नोटिशीच्या तारखेला त्या ठाण्यात जावं लागलं, जबाब झाला, संध्याकाळी घरी. साहेबांनी नियम पाळला. आणि नियमानं सगळी लगड गेली, ६२ ग्रॅम, कारण त्यातले १९ वेगळे कसे काढणार?

पुढचे महिने दुसऱ्या गावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात गेले. संहितेच्या कलम ४९७ प्रमाणं जप्त मालाची यादी चौदा दिवसांत आणि विल्हेवाटीचा हुकूम त्यानंतर तीस दिवसांत व्हायला हवा. ते कलम मी तोंडपाठ केलं आणि तारखा घेत राहिलो. कधी सरकारी वकील नाहीत, कधी मॅजिस्ट्रेट रजेवर, कधी फिर्यादीला समन्स पोचलेलं नाही. जानेवारीत असाच एका तारखेला गेलो असताना कोर्टासमोरच्या हॉटेलात टीव्हीवर विधानसभा चालली होती. चेन्नईत विद्यापीठाच्या आवारातल्या अत्याचाराचं प्रकरण पेटलेलं होतं. मुख्यमंत्र्यांनी स्त्रियांवरच्या गुन्ह्यांच्या शिक्षा वाढवणारी दोन विधेयकं एका दिवशी मांडली आणि ११ जानेवारी २०२५ ला ती मंजूर झाली. १९९८ च्या स्त्रीछळविरोधी कायद्यालाही त्यात नवी कलमं जोडली. हॉटेलातली माणसं खूश होती. मीही विरोधात नव्हतो. मला मुलगी आहे. पण शेजारी एक वकीलबाई पोंगल खात होत्या, त्या पडद्याकडं न बघताच म्हणाल्या, की वर्षं वाढवायला एक दिवस पुरतो, फिर्याद लिहून घ्यायला लावायला मात्र मला आठवडा लागतो. दहाची चौदा वर्षं करणं सभागृहाला सोपं जातं, त्याला पैसा लागत नाही. व्हिडिओसाठी प्रत्येक ठाण्याला बरा कॅमेरा देणं, कोर्टात कारकून नेमणं, त्याला पैसा लागतो.

फिर्यादी बाई अखेर आल्या. निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना टीचरम्मा म्हणत होते. त्यांची ताली चोरीला गेली होती, म्हणजे आपल्याकडचं मंगळसूत्रच. साखळीसकट तीन सवरन, २४ ग्रॅम. यजमान जाऊन वर्ष झालं होतं. ती गळ्यात नव्हती, कपाटात होती. आम्ही एकाच बाकावर बसलो. मी कोण हे कळल्यावर त्या सरकून बसल्या. मग बऱ्याच वेळानं विचारलं, "त्या लगडीतलं माझं कुठलं?"

मी त्यांना भट्टी, चांदी, तेजाब, विटकरी भुकटी, सगळं सांगितलं. त्या शिक्षिका होत्या, एकदाही मधे न थांबवता ऐकत गेल्या आणि मग नेमकं बोट ठेवलं. "तुकडे कापलेली साखळी समोर आली तेव्हा तुम्ही सोनाराला विचारलं नाहीत, ही कुणाची?"

"त्याला मी लहानपणापासून ओळखतो, अम्मा. सोनार मोडच आणतात. साखळी कापूनच मोड होते."

"म्हणजे विचारलं नाहीत."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आमच्या धंद्यात सगळेच साव आहेत असं मी म्हणणार नाही. भाव पाडून घ्यायचा आणि विचारायचं नाही, असली दुकानं मला माहीत आहेत. त्यांच्यापायी चार भल्या माणसांकडं जीप येते. पण विचारून खरं कोण सांगतं?

मॅजिस्ट्रेटनी दोघांची संमती घेऊन तोड काढली. रजिस्टरप्रमाणं १९ ग्रॅम बावीस कॅरेट म्हणजे चोख १७.४ ग्रॅम. तेवढं टीचरम्मांना, उरलेलं मला, दोघांनी बाँड लिहून द्यायचा, निकाल लागेपर्यंत. लगड कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत कापायची, आणि कापणार कोण? मीच. छिन्नी-हातोडी घेऊन गेलो. कारकुनानं टेबलावरच्या फायली बाजूला केल्या, खाली लोखंडी वजन ठेवलं, टीचरम्मा दारात उभ्या राहिल्या. पहिला घाव थोडा जास्त बसला, तुकडा १७.९ भरला. मी कानस काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे का ते?" कारकून म्हणाला, हुकमात १७.४ आहे. मी कागदावर कानस मारून अर्धा ग्रॅम भुकटी उतरवली आणि पुडी करून माझ्या वाट्यात टाकली. त्यांनी तो तुकडा तळहातावर घेऊन बघितला. तीन सवरन गेले होते. चोराच्या हातून सोनाराकडं येईपर्यंत पाच ग्रॅम कुठं झिरपले, याचा पत्ता कुठल्याच पंचनाम्यात नव्हता.

ते होतं न होतं तोच जूनच्या शेवटी बातमी आली. शिवगंगा जिल्ह्यात मडपुरमच्या काली मंदिराचा रखवालदार अजित कुमार, एका भाविकाच्या गाडीतले दागिने गेले म्हणून चौकशीला नेलेला, २८ जून २०२५ ला मेला. तिरुप्पुवनम हे ठाण्याचं नाव ऐकून बायको दचकली. आमच्या वेशीवरही रेशमी साड्यांचं तिरुभुवनम आहे. पोलिसांना अटक झाली, तपास सीबीआयकडं गेला. सात्तानकुळमचे बापलेक जयराज आणि बेनिक्स २०२० साली पोलिसांच्या मारहाणीनं गेले तेव्हाही असंच झालं होतं. ते तर दुकानदारच, टाळेबंदीत दुकान उघडं ठेवलं एवढंच कारण. अजित कुमारच्या बाबतीत नवी संहिता लागू होऊन वर्ष होत आलं होतं. त्याला नोटीस कुणी दिली, व्हिडिओ कुणी केला? मंदिराच्या आवारात त्याला मारतानाचा जो व्हिडिओ देशभर फिरला, तो चोरून काढलेला होता. त्यालाही विचारत होते ते सोनं कुठं आहे, एवढंच.

आप्पांचं गणित अजून मिटत नाही. तेव्हा चाळीस ग्रॅम गेले, आता साडेसतरा, हे त्यांना मान्य आहे. पण तेव्हा एका रात्रीत मोकळे झालो. आता वकील, बसभाडं, बुडालेले दिवस, अडकलेली लगड, शिवाय साक्षीला जायचं बाकीच. "कायद्यानं वागलास, महाग पडलं," असं ते जेवताना म्हणतात. रजिस्टरमुळं दोन सोनार दुसऱ्या दुकानाकडं वळले, तेही ते मोजतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला फक्त एवढं दिसतं, की या वेळी पारावर रात्र काढावी लागली नाही.

तमिळनाडूत पोलीस खात्याच्या मागण्यांवर दरवर्षी विधानसभेत चर्चा होते, आमदार आपापल्या गावच्या ठाण्याला नवी इमारत मागतात. रावांनी सुचवलं म्हणून मी आमदारांच्या नावे पत्र लिहायला घेतलंय. मसुदा मराठीत, तमिळ राव करतील. एक, परजिल्ह्यातल्या पथकानं दुकानात शिरण्याआधी स्थानिक ठाण्यात नोंद करावी. दोन, जप्तीच्या व्हिडिओची प्रत मॅजिस्ट्रेटबरोबर दुकानदारालाही मिळावी. तीन, तक्रार प्राधिकरणावर निवृत्त न्यायाधीश बसवावा आणि पोलीस अधीक्षकांना तिथून उठवावं. आप्पांनी चष्मा लावून मसुदा दोनदा वाचला, परत दिला आणि म्हणाले, "चौथं लिही. चार्जर त्यांचा त्यांनी आणावा."